पोदेर दारात येतो, तरी आई पाव आणायला गेली

इब्रामपूर
१७ सप्टेंबर, बुधवार

ताई,

आधी कबूल करून टाकतो, मग तुला हवी ती शिवी दे. मी तुझ्या मुलीला खरं सांगितलं.

तू पाव आणायला गेली नाहीस, विमानात बसून दोहाला गेलीस, आणि या रविवारी काय, दिवाळीलासुद्धा येणार नाहीस, हे सगळं मी गौरूला काल सकाळी न्हाणीच्या दाराबाहेर बसून सांगितलं. सांगायचं नव्हतं हे मला माहीत होतं. जाताना तू सगळ्यांकडून एकेक शपथ घेतली होतीस, माझ्याकडून दोन.

काल संध्याकाळी आईने तुला कळवलं आणि तू मला ब्लॉक केलंस. म्हणून वहीच्या पानावर लिहून फोटो शुभांगीच्या फोनवर पाठवतोय. शुभांगी, तू ताईबरोबर एकाच लॉण्ड्रीत चादरी घडी करतेस, म्हणून तुला हे काम. तू वाचू नको. वाचतेयस ते कळतंय मला. टाईप केलं असतं, पण माझा मोबाईल मी लिहिलेला प्रत्येक शब्द बदलून स्वतःचा घालतो, आणि व्हॉइस पाठवायचा तर गौरू कानाशी बसलेली असते. दहावीला मराठीत पस्तीस पडले होते, तेही दुसऱ्या खेपेला. चुका काढत बसू नको.

आता पहिल्यापासून ऐक, कारण आईने तुला सांगितलं ते तिच्या सोयीचं होतं.

शनिवारी गौरूला कुत्रा चावला हे तुला ठाऊक आहे. डावा हात, कोपराच्या खाली, तीन दात. कुठला कुत्रा, कसा चावला ते सोड. रस्त्यावरचा होता. बाबांनी नळाखाली हात धरून साबणाने पाव तास धुतला. मग दवाखान्यात न्यायचं ठरलं. सुईचं नाव काढलं असतं तर गौरूने घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा आई काय म्हणाली ते तिने तुला सांगितलं नसणार. म्हणाली, "चल गो, तुझ्या आवशीक भेटूक जाव्या. ती पेडण्याक दवाखान्यात कामाक आसा."

ताई, आईला भेटायचं म्हटल्यावर पोरगी रडायचीच थांबली. आपण होऊन आत गेली, चवथीचा पिवळा फ्रॉक काढला, एका हाताने घातला. केसांना क्लिपा लावल्या, दोन्ही एकाच बाजूला. बसमध्ये जनेलाकडे बसली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक बाईकडे बघत राहिली. दवाखान्यात जखमेभोवती सुया दिल्या, मग दोन्ही दंडांना एकेक. मला वाटलं ही आता किंचाळणार. ती सुईकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती. शेवटची सुई झाली तेव्हा आईला म्हणाली, "झाला. आता तिका बोलव."

आईने सांगितलं, ती आत्ताच जेवायला गेली.

परतीची बस लागली. मी तिला कडेवर घेतलं तर लाकूड घेतल्यासारखं वाटलं.

तीन दिवसांनी, म्हणजे काल, दुसरी खेप. सकाळी उठलो तर गौरू न्हाणीत शिरून आतून कडी लावून बसलेली. साडेनऊची बस. ती चुकली तर पुढली दुपारी, आणि तोवर सुईची वेळ संपते. आईला तर वाटत होतं पोर हातची जाते. घरातली सगळी मोठी माणसं दाराबाहेर गोळा झाली आणि एकेक खोटं आत सोडायला लागली.

"गौरू, आयस्क्रीम खाऊक जाव्या."

आतून आवाज, "फट."

"आज सुई नाय गो. नुसतो हात बघतले."

"फट."

"आवशीचो फोन इलो बघ."

"फट."

बाबांना खोटं जमत नाही, पण तेही पुढे झाले. "दार उघड, नायतर पोलीस येतले."

"पोलीस येवचे नाय. फट."

साडेपाच वर्षांची पोर, आणि चारांपैकी चार थापा बरोबर ओळखल्या. माझ्या सगळ्या शाळेत मला एवढे कधी पडले नाहीत.

आई माझ्याकडे वळली. "तुका इतक्यो थापो येतत, एक मार मरे." आता मला यात कोण हरवणार, ताई. बाबा शिरगावच्या लईराई देवीचे धोंड झालेत, व्रत धरलंय, सोवळ्यात आहेत, पेनाला हात लावत नाहीत, असं मास्तरांना सांगून पंधरा दिवस प्रगतीपुस्तक लपवलेला माणूस मी. पण दाराशी बसलो, तोंड उघडलं, तोच आतून तिने मला विचारलं, "मामा, पोदेर दारात येता. मग आई पाव हाडूक खंय गेली?"

ताई, तुला दुसरं काही मिळालं नाही? गोव्यातल्या पोरीला फसवायला पाव? रोज सकाळी भोंगा वाजवत पोदेराची सायकल फाटकाशी येते, टोपलीत पोई, उंडे, सगळे पाव. मीठ सांगायचंस. साबण सांगायचास. जून महिन्यापासून ती भोंगा ऐकला की धावते आणि पोदेराच्या मागे बघते, सायकलवर आणखी कोण आहे का. पोदेर बिचारा बेळगावकडचा, नवीन. त्यालाही आम्ही पढवून ठेवलंय, "तुझी आई रांगेत उभी आहे" म्हणून सांगायला.

मी सगळ्यांना स्वयंपाकघरात घालवलं आणि दाराला टेकून सांगितलं. दोहा म्हणजे काय, विमान किती लांब जातं, तिथे तू चादरी धुतेस, भावोजी गाडी चालवतात. तू मे महिन्यात येणार.

"रविवारी?"

"नाय. रविवारी नाय."

नळ तेवढा टपटपत होता. मग, "सुई दुखतली?"

"दुखतली."

"कितकी?"

"मुंगयेपेक्षा जास्त. तू मेज. एक ते चार. चाराक संपता."

मग तिने मला आणखी एक प्रश्न विचारला, मी त्याचंही खरं उत्तर दिलं आणि कडी निघाली. प्रश्न काय होता ते तुला कळून काही उपयोग नाही.

बस मिळाली. दवाखान्यात ती रडली, अगदी नाक गळेपर्यंत रडली, पण हात काढून घेतला नाही. मोठ्याने मोजलं. दुसऱ्या हाताला परत मोजलं.

अजून दोन खेपा आहेत. या शनिवारी आणि अकरा ऑक्टोबरला. मी तिच्या जवळही फिरकायचं नाही असा तुझा हुकूम आहे असं आई सांगते. मग शनिवारी तिला कोण नेणार ते तूच ठरव.

निहार


२१ सप्टेंबर, रविवार

ताई,

शुभांगीने कळवलं की माझं पत्र वाचता वाचता तू इस्त्रीखाली चादर करपवलीस. त्याला मी काय करू.

शुक्रवारच्या फोनचं बोलूया. एवढं सगळं वाचूनसुद्धा तू तेच म्हणालीस. "रविवारी येतंय गो राणये." तुला वाटलं फोन कट झाला. कट झाला नव्हता. गौरू म्हणाली, "फट," फोन मेजावर पालथा ठेवला आणि कोंबड्यांना बघायला गेली. त्यानंतर दोनदा तू फोन केलास आणि आईने सांगितलं, झोपलीय. झोपलेली नव्हती. समोरच्या कदेलावर पाय हलवत बसून तुझा आवाज ऐकत होती. आई तुलाही फटी मारते, ताई. तू तिचीच शाळा पास झालीस, आणि आता तिच्याच हातून फसतेस.

काल सकाळी तुझ्या हुकमाप्रमाणे आई गौरूला न्यायला तयार झाली. गौरू म्हणाली, मामाबरोबर जाणार, पण आधी मामाने आजीला ते सांगायचं.

"काय ता?" आई म्हणाली.

आता तुलाही सांगतो, कारण ती तुला सांगणारच आहे. न्हाणीतून तिने मला विचारलं होतं, "मामा, तुका पण चावलो मां?"

रस्त्यावरचा कुत्रा वगैरे काही नव्हतं. आपला कंडक्टर. बस आली की भुंकत मागे धावतो तो. भावोजींनी चवथीला बाबांसाठी पाठवलेला शर्ट, खजुराच्या झाडांचा, तो मी कंडक्टरला घातला होता. काळा चष्मा पण लावला होता. व्हिडिओ करायचा होता, 'दोहाहून पाहुणे आले' म्हणून. कंडक्टर बराच वेळ साहेबासारखा बसला. गौरू हसून हसून जमिनीवर लोळली. मग तिने गळ्याचं बटण लावायला हात पुढे केला आणि त्याचा कान त्यात अडकला. मी शर्ट ओढून काढताना माझ्या मनगटालाही दात लागला. थोडासाच, पण रक्त आलं. मी वर दोरा-गंडा बांधून झाकलं. गौरूने बघितलं होतं.

ती दारापलीकडून म्हणाली, "मग तू सुई घेतलंस?"

"नाय."

"कित्याक?"

ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे, मिशी आहे, विहिरीत सापासकट उडी मारलेली आहे. मी म्हणालो, "घाबारलंय."

तेव्हा कडी निघाली. तुझी मुलगी बाहेर आली आणि माझं चांगलं मनगट धरून म्हणाली, "चल, दोघां जाव्या." त्या दिवशी माझीही पहिली सुई झाली. तिची झाल्यावर लगेच. मी डोळे भिंतीवर ठेवले होते.

हे सगळं काल आईसमोर परत सांगावं लागलं. आईने आधी मला केरसुणी फेकून मारली, मग रडली, मग परत केरसुणी शोधली. बाबा शर्ट कुठे आहे विचारत होते. मी म्हटलं, निदान खरं तरी सांगितलं. आई म्हणाली, "खरां सांगून पोरां वाढतत काय रे? तुका मी सगळो थापांवर वाढयलंय."

बाबा म्हणाले, "ता दिसता."

गौरूने मात्र ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. काल चार मोजायच्या आत झालं, ताई. रडली नाही. नर्स सुमंगला सिस्टर म्हणून आहेत, त्यांनी विचारलं, आज पाणी कसं नाही डोळ्यांत? तर म्हणाली, "किती दुखता ता माका माहीत आसा." डॉक्टरांना मी कुत्रा ओळखीचा आहे हे सांगितलं. ते रागावले, चांगलेच. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा म्हणाले, सुया तरी पुऱ्या करायच्याच. म्हणून बाबा आणि गौरू रोज सकाळी कंडक्टरची तब्येत बघून येतात. पाव खाल्ला, भुंकला, बरा आहे, एवढं ती घरी येऊन सांगते.

मी तुला उपदेश करणारा कोण. पण फोनवर तिला खरं सांग. एकदाच. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तू आता जे काय म्हणशील ते खोटंच असणार, असं धरून ती बसलीय. ते रागापेक्षा वाईट. राग मला माहीत आहे, तो जेवणापर्यंत टिकतो.

निहार


२९ सप्टेंबर

ताई,

जिंकलीस. कालच्या फोननंतर काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून हे चार शब्द.

तू म्हणालीस, गौरू, मी पाव आणायला गेले नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे ती फट?" तू म्हणालीस, "होय गो, फट." इकडे आईने पदर तोंडात धरला. बाबा टीव्ही बंद करून उभे राहिले. तिने विचारलं, कित्याक. तू म्हणालीस, तू रडली असतीस तर माझा पाय निघाला नसता. आणि ती म्हणाली, "मी रडलंय तरी. मागसून."

मग तू रडलीस, आणि ती गप्प बसली म्हणून तुला वाटलं पोरगी तुटली. तसं नाही. तू रडत असताना ती फोनच्या काचेवर बोटाने तुझं नाक पुसत होती. कॅमेऱ्यावर बोट आल्यामुळे तुला नुसता काळोख दिसला असेल.

फोन ठेवल्यावर तिने कॅलेंडर मागितलं. मे दाखवा म्हणाली. यंदाचं कॅलेंडर डिसेंबरला संपतं. तिने पानं उलटली, परत उलटली आणि आमच्याकडे असं बघितलं की आता आम्ही सगळे गेलो. "मे खंय आसा?" पुढचं कॅलेंडर अजून छापून आलेलं नाही हे तिला कसं पटवायचं? तेव्हा बाबांनी, ज्यांनी तिला पोलीस घालीन म्हणून सांगितलं होतं त्यांनी, लग्नाच्या एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर पट्टी धरून जानेवारी ते मे आखले. पाच महिने, सगळे चौकोन. दोनदा चुकले, रबराने पुसलं. तू येणार तो चौकोन तिने लाल केला. तो बुधवार आहे. रविवार नाही म्हणून तिला जास्त खरा वाटला.

त्यानंतर उकड्या तांदळाची पेज दोन वाट्या जेवली. आणि आज सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा उठलीच नाही, ताई. कूस बदलून झोपली. आई घाबरून कपाळाला हात लावून बघत होती. ताप नव्हता. जूनपासून पहिल्यांदा पोर सकाळी झोपली होती.

तू मला अनब्लॉक केलंस ते बघितलं. तरी मी वहीवरच लिहिणार. आता सवय झाली.

निहार


१५ ऑक्टोबर

ताई,

शनिवारी तिची चौथी खेप झाली. सगळ्या सुया संपल्या. फोनवर तिने तुला एवढंच सांगितलं, "झाली." बाकी मी सांगतो, कारण असला विजय इब्रामपुरात कबड्डीलासुद्धा कधी झालेला नाही.

शनिवारी दवाखान्याचा व्हरांडा भरलेला. लहान मुलांना कसली तरी लस होती, सहासात पोरं, सगळ्यांनी सूर लावलेला. प्रत्येकाची आई आपापलं सांगत होती. मुंगी चावते तेवढंच. सुई नाही रे, पावडर लावतात. डॉक्टर काका चॉकलेट देणार. गौरू बाकावर बसून ऐकत होती. मी तिचा दंड धरून ठेवला होता, पण ती निसटली आणि एका पोराच्या समोर जाऊन उभी राहिली. गोरागोमटा, जाडा, कोल्हापूरकडच्या माणसांचा, बाप इकडे बांधकामावर असेल.

"मुंगयेवारी नाय," ती म्हणाली. "जास्त दुखता."

त्याची आई म्हणाली, "ए बाळ, असं काय सांगतीस त्याला? आता बसंल का तो?"

"चार मेजीपर्यंत दुखता. मग संपता," गौरू म्हणाली. "चॉकलेट नाय देणत. मी चार वेळा इलंय, एकदाय नाय दिला."

पोरगा रडायचा थांबला. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच कोणी तरी कामाची गोष्ट सांगितली. आईला म्हणाला, "चारच?" सुमंगला सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी गौरूला आधी आत घेतलं, दार उघडं ठेवलं. गौरूने बाही स्वतः वर केली. एक, दोन, तीन, चार. दुसरा हात. एक, दोन, तीन, चार. बाहेर आली, दोन्ही दंडांवरचे कापूस दाखवले. मग तो जाडा गेला. तो आत ओरडला, पण मोजत ओरडला, आणि व्हरांड्यातली सगळी पोरं त्याच्याबरोबर मोजायला लागली. शेवटच्या पोरापर्यंत. मधेच एक म्हातारे शुगर बघायला आले होते, त्यांनीही बोट पुढे करून चार मोजले. ती कोल्हापूरची बाई जाताना गौरूच्या गालाला हात लावून गेली. सिस्टर मला म्हणाल्या, "हिला दर शनिवारी पाठवत जा. आमचा अर्धा त्रास वाचेल."

आई पण होती बरोबर. बसमध्ये तिने गौरूला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माझ्या डोळ्याक मोतीबिंदू आसा काय नाय ता बघूक होया. तू येशीत गो माझ्यावांगडा?" तीन वर्षं आम्ही तिला सांगतोय डोळे दाखव, आणि तीन वर्षं ती सांगतेय मला स्वच्छ दिसतं. गौरूने विचारलं, "तुका दिसता?" आई म्हणाली, "नाय." झालं. सोमवारी दोघी जाणार.

आता काल. काल माझी चौथी. मी तिच्यानंतर तीन दिवसांनी सुरू केली होती, म्हणून काल. ती बरोबर आली, मी सांगितलं नव्हतं तरी. शाळा बुडवून. मास्तरांना खरं कारण सांगून आली, आणि ताई, त्यांनी सोडलं. मी दहा वर्षं उगाच डोकं चालवत बसलो.

आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. गौरू म्हणाली, "मामा, तिकडे बघू नको. सुईक बघ. बघल्यावर कमी दुखता." तिचं खरं निघतं हे माहीत होतं, म्हणून बघितलं.

मोजायला सुरुवात केली होती. दोन झालेले आठवतात.

डोळे उघडले तर मी जमिनीवर, वर पंखा, सुमंगला सिस्टर माझे पाय स्टुलावर ठेवतायत आणि गौरू माझ्याच केसपेपराने मला वारा घालतेय. दारात माणसं जमलेली. मी हळूच म्हटलं, "गौरू, घराकडे सांग, मामाचो पाय निसरलो."

"पाय निसराक नाय. तू सुई बघून पडलंस."

"आयस्क्रीम देतंय."

"देवचा तर दी. पण तू पडलंस."

आयस्क्रीम खाल्लं. मग बसमध्ये तिकीटवाल्याने विचारलं, मामाचं तोंड का असं, तर सगळं सांगितलं. किती वेळ पडलो, डोळे कसे वर गेले, सिस्टरने कुठलं औषध हुंगवलं. बसमध्ये शेजारचं अर्धं हणखणे गाव बसलेलं. मग भिकाजीच्या दुकानात सांगितलं. मग देवळाच्या कट्ट्यावर पत्ते खेळतात तिथे, माझ्या सगळ्या दोस्तांसमोर, हात आडवे करून मी कसा पडलो ते पडूनसुद्धा दाखवलं. आज सकाळपासून जो भेटतो तो मला चार बोटं दाखवतो.

म्हणजे इब्रामपूर गेलं, हणखणे गेलं, उद्यापर्यंत पेडणं जाईल. दोहा तेवढं उरलंय. ताई, तुझ्या पाया पडतो, भावोजींना यातलं काही सांगू नको. त्यांनी विचारलंच तर खोटं बोल असं मी म्हणत नाही, ते आता या घरात बंद झालंय. तू फक्त विषय काढू नको. आणि गौरू फोनवर आली की स्पीकर लावू नको. कुणालाच सांगू नको, ताई. हात जोडतो.

तुझा
निहार